किसनच्या खालची ओळ

प्रिय रोहिदास,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच फाडशील, अशी भीती आहे. फाडायचंच असेल तर वाचून फाड. चार वर्षांत मी तुझ्याबद्दल पुष्कळ बोललो, तुझ्याशी एकदाही नाही.

गेल्या रविवारी संत तुकाराम नगरच्या आपल्या युनियनच्या खोलीत पत्रक लिहीत बसलो होतो. कॉम्प्युटर तोच, माझ्या स्कूटरवर मागे बसून तू मांडीवर धरून आणलेला. एडिटरही तोच साधा, ज्यात नुसता मजकूर टाइप होतो. आणि त्याची खोडही तीच. स्क्रीनवरची खिडकी मध्येच गोठते, आणि पुसलेलं पुसल्यासारखं दिसत नाही. एक ओळ नको होती म्हणून ओळ पुसायची कळ दाबली. ओळ जागची हलली नाही. पुन्हा दाबली, मग वैतागून आणखी एकदा. शेजारी तनुजा होती. माझी पोरगी आता तळवड्याला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती म्हणाली, “बाबा, थांबा, दाबू नका. ओळ केव्हाच गेलीय. खिडकी तुम्हाला जुनंच चित्र दाखवतेय.” तिने खिडकी खाली केली, परत वर आणली. तीन ओळी गेल्या होत्या. मला एक पुसायची होती. मग तिने सेटिंगमध्ये जाऊन एक टिक काढली, एडिटर बंद करून पुन्हा सुरू केला, आणि खोड गेली. पाच मिनिटांचं काम. “किती वर्षं असंच चालवताय?” तिने हसत विचारलं.  मला संपानंतरच्या यादीतला किसन आठवला होता.

खिडकी खाली करून वर आणायचं तूच मला सांगितलं होतंस, ते आठवतं का? “नेते, स्क्रीनवरच्या दिसण्यावर जाऊ नको. खिडकी अडकली की खाली कर, वर आण, मगच बघ.” तू क्वालिटीतला माणूस. मशीनच्या डिस्प्लेवर माप बरोबर दिसतं म्हणून तू कधी तयार झालेला जॉब पास केला नाहीस. जॉब हातात घ्यायचास, व्हर्नियरने स्वतः मोजायचास, मग सही. मी तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालो होतो, की माझा जन्म मशीनची मर्जी सांभाळायला झालेला नाही. सगळे हसले. तूही हसलास. जगाच्या कामगार चळवळींचा इतिहास मला तोंडपाठ होता, स्वतःच्या टेबलावरची खिडकी वाचता येत नव्हती.

आता त्या दिवसाकडे येतो. संप मिटला, काढलेल्यांना परत घ्यायचं ठरलं, आणि परत घ्यायच्या लोकांची यादी कंपनीच्या गेटवर लागली. तिच्यात तुझं नाव नव्हतं. आदल्याच आठवड्यात तू मॅनेजरच्या केबिनमधून बाहेर पडताना काहींना दिसला होतास. कंपनीशी सौदा करून तूच नाव काढून घेतलंस असं मी धरून चाललो, कुणालाच काही विचारलं नाही. गेटवरच खुर्चीवर चढलो आणि बोललो, “ज्याचं नाव यादीत नाही, त्याने ते स्वतः विकलं आहे.” टाळ्या थांबेनात. माझं सगळ्यात गाजलेलं वाक्य ते. नवी पोरं अजून मला ऐकवतात, “काय बोलला होतात भाऊ तेव्हा!” तू शेवटच्या रांगेत होतास. टोपी काढलीस, मांडीवर झटकलीस आणि वळून चालू लागलास.

तू आईच्या उपचारांसाठी विम्याच्या कागदावर सही घ्यायला केबिनमध्ये गेला होतास, हे दोन वर्षांनी नेहावहिनींनी भर बाजारात मला सुनावलं. पण बोललेलं वाक्य मागे घ्यायची मला सवय नव्हती. पिंपळे गुरवच्या एका सोसायटीच्या गेटवर तुला वॉचमनच्या गणवेशात पाहिलं, तेव्हा रस्ता बदलला. स्वतःला म्हणालो, निर्दोष असता तर भांडला असता. आजही मला तुझा राग येतो. एकदा माझी गचांडी धरून विचारायला हवं होतंस, यादी टाइप कुणी केली?

यादी मी टाइप केली होती. रविवारी तनुजा गेल्यावर जुन्या फाइली काढल्या. पहिल्या मसुद्यात किसनचं नाव चुकून दोनदा पडलंय आणि त्याच्याखाली तुझं आहे. कंपनीला पाठवलेल्या फाइलमध्ये किसन एकदाच आहे आणि तू नाहीस. किसनची जादा ओळ पुसायला मी कळ दाबली असणार, ओळ दिसतच राहिली असणार, मी पुन्हा दाबली असणार. दुसरा दणका तुझ्यावर पडला. यादी पाठवली त्या संध्याकाळी मॅनेजरने फोनवर विचारलंही होतं, “यादी फायनल समजू ना?” संपभर पुढच्या फळीत उभा राहिलेला माणूस यादीत नाही, हे त्याला दिसलं नसेल? त्याला ते हवंच होतं. मी ताठ मानेने सांगितलं, “माझी यादी आहे, एक अक्षर हलणार नाही.”

लेबर कोर्टात तू एकटा लढतोयस, आणि कंपनीचं म्हणणं एकच आहे, की युनियननेच याचं नाव दिलं नाही. सोबत माझं प्रतिज्ञापत्र आहे, दोन्ही फाइलींच्या छापील प्रतींसह. तुझ्या वकिलाकडे दे. येत्या तारखेला साक्षीला मी स्वतः उभा राहीन. त्याआधी शुक्रवारी पहिली शिफ्ट सुटताना त्याच गेटवर, त्याच खुर्चीवर चढून हे सगळं सांगणार आहे. तू येऊ नकोस. माझ्या भाषणाला तू आणखी एकदा शेवटच्या रांगेत उभं राहावंस, एवढी माझी लायकी नाही. माफीही मागत नाही, ती देण्याचं ओझं तुझ्यावर कशाला? हे पत्र मुद्दाम हाताने लिहिलंय. जिथे तुझं नाव आलं, तिथे बोट ठेवून पाहिलंय, ते कागदावर आहे की नाही.

तू मानत असलास तर तुझाच,
ज्योतीराम