पपनसाचा वास

आळे, ६ मे २०२५

चि. रत्ना हिस, अनेक आशीर्वाद.

आज मंगळवार. सकाळी गोकुळने लावलेल्या हॉपच्या वेलांची, बिअरमध्ये घालतात ती फुलं तोडली. चारला पुण्याहून बिअर बनवणारे साहेब आले आणि पाच मिनिटांत परत गेले. तुझ्याकडे फोन लागत नाही, म्हणून लिहितो.

त्यांनी फूल चोळून हुंगलं आणि लसणाचा वास येतोय म्हणाले. खरंच येत होता. या कॅस्केड जातीला पपनसाच्या सालीचा वास, कडूपणा बेताचा, म्हणून गोकुळ सगळ्यांना बोटं हुंगायला लावायचा. फूल कागदासारखं वाजलं की लगेच तोडा, जास्त पिकलं की कांदा-लसूण, हेही तोच सांगायचा. फुलं वाजायला लागली आणि तो अपघातात गेला. आपण सुतकात बसलो. नाना म्हणाले, कांदा थांबतो, तर फुलं काय पळून जात्यात व्हय. वडिलांपुढे मी काय बोलणार? आता म्हणतात, मुळं उपटून कांदाच लावू. महिनाअखेरीला ट्रॅक्टर सांगितलाय. आपल्या भावाचं एवढंच मागे राहिलं होतं.

आई दोन घास खाते. लोभ कमी करू नकोस.

सुभाष

आहुपे, १४ मे

ती. सुभाषदादास, शि. सा. न. वि. वि.

सगळं नानांवर ढकलू नकोस. दहाव्याला शेजारचा हौशीराम माणसं घेऊन फुलं तोडायला आला होता. गोकुळच्या वेलांना परक्यांनी हात लावू नये, म्हणून मीच त्याला बांधावरून परत पाठवलं. नानांना ते ठाऊक आहे. त्यांनी माझं नाव घेतलं नाही.

गोकुळ म्हणायचा, आमच्या दादाच्या नाकाला फक्त कांदा कळतो. पण मुळं राहिली तर वेल पुन्हा येतो, हेही म्हणायचा. तू गप्प बसतोस आणि मग मला पत्र लिहितोस. एकदा नानांशी बोल.

आईला जप. माझ्यावर राग धरलास तरी माया असू दे.

रत्ना

आळे, २२ मे

चि. रत्ना हिस, अनेक आशीर्वाद.

राग आला होता. दोन दिवस पत्र लिहिलं नाही. काल नानांना म्हणालो, ट्रॅक्टर नको. ते पानाला चुना लावत राहिले. आज आईला जुन्नरला दवाखान्यात नेताना म्हणाले, ट्रॅक्टरवाल्याला काय सांगायचं ते तूच सांग. एवढंच.

आहे तसाच लोभ राहू दे.

सुभाष

ता. क. विहिरीकडच्या सावलीत उशिरा आलेलं एक फूल सापडलं. चोळून पाहिलं. पपनस. ट्रॅक्टरवाल्याला नको म्हणून फोन केला, ठिबकचा कॉक उघडला आणि ओळीच्या शेवटच्या वेलाला पाणी पोचेपर्यंत तिथेच उभा राहिलो.