गिअरबॉक्समधली चिंधी

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुला तेल तपासायच्या नोकरीला लावलं ते आता बहिणीच्या कामी येऊ दे. आमच्या कागद गिरणीतल्या मोठ्या यंत्राचा गिअरबॉक्स कुरकुरतोय. मालक म्हणतात, बाई, यंत्र नाही, तुमचे कान वाजतायत. मी म्हटलं, तेल तपासून घ्या. त्यावर सगळ्यांदेखत ठरलं, की तेलात झिजलेल्या धातूची खोट निघाली तर यंत्र थांबवून उघडायचं. नाही निघाली तर दुरुस्तीखातं दुसऱ्याकडे आणि मी भांडारात, नट-बोल्ट मोजायला.

चालू यंत्रातून, तेल गरम असतानाच बाटली भरली आहे. घरी ओट्यावर ठेवली आहे, परवा कुरिअरने निघेल. नीट बघ.

लोभ आहेच; तो टिकवणं तुझ्या हाती.
ताई

१० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझा गिअरबॉक्स ठणठणीत आहे. तेल इतकं निवळशंख, की हे यंत्रातलं की पिंपातलं, असं आमच्या साहेबांनी विचारलं. धातूचे कण नावापुरते. सुती धागे मात्र भरपूर. तुझ्या फिटरांपैकी कुणीतरी पुसायची चिंधी आत विसरलाय. कुरकुर तिचीच असणार.

अहवाल नियमाप्रमाणे थेट मालकांकडे गेला आहे. रागावू नकोस. भांडारात सावली असते म्हणे.

कळावे, राग ओसरल्यावर लोभ असावा.
धाकटा

१५ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद सध्या राखून ठेवले आहेत. मालकांनी तुझा अहवाल चहाच्या सुट्टीत मोठ्याने वाचला. झाकण उघडायला परवानगी नाही, म्हणून खालचं बूच काढून सगळं तेल सोडलं आणि तारेच्या आकड्याने चिंधी शोधली. मी गुडघ्यांवर, फिटर पोटावर, मालक खुर्चीवर. चिंधी राहू दे, दोरासुद्धा निघाला नाही! जुनं तेल टाकाऊ तेलाच्या टाकीत गेलं, नवं भरलं, आणि कुरकुर जशीच्या तशी. आता पुन्हा नमुना घेऊन नव्या तेलात काय डोंबल दिसणार?

एक तारखेला भांडाराच्या किल्ल्या घ्यायच्या आहेत. मला काळजी वगैरे काही नाही. फक्त माझे कान खोटे नाहीत, एवढं तू तरी म्हण.

ताई

१६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास आईचे अनेक आशीर्वाद.

वेळेवर जेवतोस ना? इथे ताई ताटावर नुसती बसून असते. विचारलं तर खेकसते.

तुमच्या भांडणातलं मला काही कळत नाही. बाटलीत खोट सापडली नाही म्हणून ती तुला बोल लावते, पण खोट राहायला मी जागा ठेवली असती तर ना! पोराच्या हापिसात असलं घाणेरडं तेल जायचं, चार लोक बघायचे, म्हणजे आपल्या घराला नावं ठेवायचे. मी ते चांगलं निवळू दिलं, मलमलीच्या चारपदरी फडक्यातून गाळलं, बाटली साबणाने धुऊन वाळवली आणि पुन्हा भरली. ताईला बोलले नाही. उगीच आभार मानत बसली असती.

फडकं मात्र वाया गेलं. त्यावर अशी पिवळी चमक बसली आहे, की जरीचं वाटतं. सवड झाली की सोड्यात भिजत घालणार आहे.

प्रकृतीला जप.
आई

२० फेब्रुवारी

ती. आईस सा. न.

फडकं धुवू नकोस! भिजवू नकोस, झटकू नकोस, डागाला लिंबू लावू नकोस. आहे तसं डब्यात घालून आजच्या आज पाठव. मी जेवतोय.

धाकटा

२५ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आईने आतापर्यंत तुला सांगितलं असेल. नसेल तर आधी खाली बस.

फडकं पोचलं. त्यावर पिवळ्या धातूचे पापुद्रे आहेत, नुसत्या डोळ्यांना दिसावेत एवढाले. तुझ्या गिअरबॉक्समधलं पिवळ्या धातूचं दातेरी चाक दात झिजवून बसलंय. यंत्र ताबडतोब थांबवा, असं मालकांना कळवलं आहे. धागे दिसले तेव्हाच तेल गाळलंय हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. तुझे कान खरे, माझे डोळे फुटके.

साहेब म्हणाले, तेल गाळून मागे राहिलेलं तपासणं ही चालणारी रीत आहे. फक्त गाळणाऱ्याचा हुद्दा लिहा. मी ‘आई’ लिहिलं. साहेबांनी खाली सही केली.

लोभ पूर्ववत व्हावा ही विनंती.
धाकटा

२ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद, थकलेल्यांसकट.

झाकण उघडलं. चाकाचे दात बोटाने वाकतील इतके पातळ झाले होते. आणखी थोडं चाललं असतं तर यंत्राबरोबर जवळ उभा असलेला माणूसही गेला असता. मालक भांडाराच्या किल्ल्या स्वतःच्या खिशात घालून निघून गेले. चाक बदललं, आवाज बंद. मला पहिल्यापासून खात्रीच होती, त्यामुळे विशेष काही वाटलं नाही.

आईशी अबोला धरणार होते. पण नव्या चाकाचं तेल कधी गाळायचं, असं तिनेच विचारलं. आता बाटली कपाटात कुलपात ठेवते.

लोभ दुप्पट.
ताई

३ मार्च

चि. धाकट्यास आईचे अनेक आशीर्वाद.

ताई काल कामावरून आली ती हात न धुता माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. पुष्कळ रडली. आई, माझे कान खरे निघाले, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. माझं लुगडं तेलाने माखलं, पण मी हलले नाही. मग उठली, पोटभर जेवली, आणि धाकट्याला यातलं काही कळवशील तर बघ, असा दम मला भरून झोपली.

म्हणून हे कळवते आहे.

आई