वीतभर नांगर

१४ सप्टेंबर २०११

तेक्ले आत्याने आज माझं तोंड बंद केलं. तेही बीट सोलता सोलता!

मी आपली नेहमीची टवाळी करत होते, बाबांच्या गजाची. मागच्या पडवीत तो अजून टांगलेला आहे. खांद्याएवढा उंच, पन्हळीसारखा अर्धा पोकळ. जमिनीत ठोकायचा, पिळायचा, उपसायचा. पोटात मातीचे थर जसेच्या तसे येतात. बाबा वनखात्यात मातीची पाहणी करायचे. आठवडाभर सरकारसाठी, रविवारी स्वतःच्या हौसेने. म्हटलं, "आत्या, देऊन टाकू संग्रहालयात. खाली पाटी लावायची: वाळूखाली वाळूच असते हे कळायला चाळीस वर्षं लागली."

आत्या हसली नाही. "लिउदा, तुझा बाप रविवारी माती शोधत नव्हता गं. रापोलासला शोधत होता."

रापोलास म्हणजे बाबांचा थोरला भाऊ. देश बळकावलेल्या परक्या सैन्याशी लढायला रानात गेलेल्या पोरांतला एक. एक्कावन्नच्या एप्रिलमध्ये गोळी लागून गेला. कुठे पुरला ते कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही, कारण विचारणाऱ्याचं घरदार सैबेरियाला जायचं. बाबा तेव्हा बारा वर्षांचे. एवढं मला माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

"तू कधी ऐकून घेत होतीस? तू तर सगळ्यांना तुझ्या लेखांतली पात्रं समजून बघायचीस."

१५ सप्टेंबर

तो लेख पाठ आहे मला. शहाण्णव साली राजधानीच्या, विल्नियसच्या साप्ताहिकात आलेला, 'वाळूचा वैद्य'. दर रविवारी रानाला सुया टोचणारा म्हातारा, आणि रोगी कधीच 'आई गं' म्हणत नाही! आजीलाही सोडलं नव्हतं. घराजवळची तिची ती कुट्टूच्या धान्याची शेतपट्टी, वितीपेक्षा खोल नांगर घालू द्यायची नाही. मी लिहिलं, 'आजीने जमीन नांगरली नाही, तिचा नुसता भांग पाडला.' लोक पोट धरधरून हसले. माझं नाव झालं ते त्या लेखाने.

बाबांनी वाचला, घडी घातली, म्हणाले, "भाषा चांगली आहे."

त्याच शरदात गज खुंटीला लागला. मी समजले, कंबर दुखत असेल. सोयीचं होतं तसं समजणं.

१७ सप्टेंबर

बाबांच्या पेटीत नकाशा सापडला. रानाचे चौकोन, बहुतेकांत पेन्सिलीची फुली. अकरा कोरे. शहाण्णवला थांबलेले ते थांबलेलेच!

हे अकरा मी करणार. दोन नोव्हेंबरच्या आत. त्या दिवशी अख्खा गाव आपापल्या माणसाच्या थडग्यावर मेणबत्ती लावतो आणि बाबा दरवर्षी आपली मेणबत्ती खिशात घालून परत आणतात. यंदा तिला जागा हवी.

गज काढला. बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्चीत होते. गेल्या हिवाळ्यातल्या पक्षाघाताच्या झटक्यानंतर डावं अंग गेलंय, टीव्हीकडे पाठ, तोंड शेताकडे. माझ्या हातातलं बघितलं. म्हणाले, "पुसून ठेवत जा. गंजतो."

बस. एवढंच!

१९ सप्टेंबर

पहिला चौकोन. चौदा भोकं. हाताला फोड.

लहानपणी बाबा सांगायचे ते आज गजाच्या पोटात दिसलं. वर पाइनच्या सुया आणि पांढरं शेवाळ, पायाखाली पापडासारखं मोडणारं. मग बोटभर काळं. मग एकदम पांढरट पट्टा, चुलीतली राख चाळून ओतावी तसा. आग कधी लागलेली नाही, सुयांतून आंबट होऊन उतरलेलं पाणी सगळा रंग धुऊन खाली नेतं. तो रंग खाली विटकरी होऊन बसलेला, काही ठिकाणी इतका घट्ट की गज टणत्कार करतो. त्याच्याखाली पिवळी वाळू. तिला अंतच नाही.

"हिमयुगाचा बर्फ वितळला तेव्हा चिकणमाती दुसऱ्यांच्या वाट्याला गेली," बाबा म्हणायचे. "आपल्याला मिळाली पाण्याने धुतलेली वाळू. पाऊस पडतो, आणि खालच्या खाली निघून जातो. पाहुण्यासारखा."

आणि हे: राखेचा पट्टा बनायला हजारो वर्षं लागतात. एकदा खणून माती परत लोटली की पांढरं, विटकरी, पिवळं सगळं एक होतं. भेळ! ती भेळ पुन्हा निवडली जात नाही, माणसाच्या हयातीत तर नाहीच. वर झाड उगवो, शेवाळ येवो, खाली ती तशीच राहते.

म्हणून गज. म्हणून चाळीस वर्षं. आणि मी म्हणे वैद्य!

२४ सप्टेंबर

तिसरा चौकोन. पट्टा अखंड.

२ ऑक्टोबर

अळंबी वेचणाऱ्या बायका भेटल्या. एकीने टोपली कमरेवर घेतली नि ओरडली, "लिउदाबाई, अळंबी भाल्याने मारता होय?" दुसरी म्हणाली, "शहरातल्या आहेत, बाई. घाबरत असतील अळंबीला!"

आधीची मी असते तर दोघींना उभं सोललं असतं. नुसती हसले. परतताना त्यांनी मूठभर अळंबी दिली. बाबांना आंबट साय घालून केली. दोनदा मागून घेतली.

६ ऑक्टोबर

आज धीर केला.

"बाबा, तो लेख. शहाण्णवचा..."

"सूप गार होतंय."

"मला माहीत नव्हतं, बाबा."

"बीट जरा कच्चं राहिलंय."

माफी मागायला शब्द लागतात. माझ्याकडे आहेत ते सगळे टोचायचे.

१५ ऑक्टोबर

सातवा चौकोन. आठवा. पट्टा, पट्टा, पट्टा. इतकी धडधाकट जमीन मी कधी पाहिली नाही. वैताग!

संध्याकाळी गज पुसताना बाबा बघत होते. "तेल लाव," म्हणाले. लावलं.

२३ ऑक्टोबर

अकरावा चौकोन संपला. काही नाही.

नकाशावर शेवटची फुली मारली आणि घडी घातली. बाबांनी माझ्या लेखाची घातली होती तशीच.

२६ ऑक्टोबर

आत्या कुट्टूचा केक घेऊन आली. खाता खाता आजीचा विषय निघाला.

"ती कुट्टूची पट्टी कोणाची आयडिया? एवढ्या भिकार जमिनीत?" मी.

"तुझ्या आजीची. आधी रान होतं तिथे. एकटीने चार पाइन पाडले, बुंधे जाळले, गाय जुंपली आणि नांगरलं. आजोबा म्हणाले, वेड लागलंय. ती म्हणाली, कुट्टूच पेरीन आणि वीतभरच नांगरीन. त्यांच्या हातून नांगर काढून घेतला होता एकदा, खोल गेला म्हणून. बोलता बोलता थोबाडीत दिली असती!"

"कधीची गोष्ट?"

"तेव्हाचीच. रापोलास गेला ना, त्या वसंतातली. दुःखात माणूस काहीतरी करत बसतो, झालं."

केकचा घास तोंडातच राहिला. बाबा बाहेर बघत होते.

२७ ऑक्टोबर

सकाळी पट्टीत गेले. आजी गेल्यापासून पडीक आहे, गवत गुडघ्यापर्यंत. बांधापासून ओळीने टोचत निघाले. वर वीतभर राखट-काळी मिसळण, नांगराची. तिच्याखाली पांढरा पट्टा. परत पट्टा. परत पट्टा.

तिसरी ओळ, बांधापासून नऊ पावलं. गज उपसला.

भेळ.

पांढरं, विटकरी, पिवळं, सगळं एकात एक. चारही बाजूंनी टोचून पाहिलं. बाहेर पट्टा, आत भेळ. लांबी माणसाची. रुंदी माणसाची.

कमरेएवढा गज गेला होता. पुढे रेटला नाही. भोकं होती त्या क्रमाने बुजवली, आधी पिवळं, मग विटकरी. क्रम चुकवला नाही.

आजी! पोराला घरी आणलंस, वर शेत पेरलंस, आणि नांगर त्याच्या अंगाला लागू दिला नाहीस. आणि मी लिहिलं, भांग पाडला.

२९ ऑक्टोबर

सांगू कसं?

काखेत कळसा नि गावाला वळसा! चाळीस वर्षं माणूस रान टोचत फिरला, आणि भाऊ स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होता. लेखात मी त्यांना मूर्ख ठरवलं ते खोटं होतं. आता सांगितलं तर ते खरं होईल. यापेक्षा क्रूर विनोद मला पंचवीस वर्षांच्या धंद्यात सुचलेला नाही.

आणि नाही सांगितलं तर मेणबत्ती परत खिशात.

३१ ऑक्टोबर

आत्या विचारते, "चेहरा का असा? रान संपलं म्हणून?"

"हो," म्हटलं. रान संपलं.

बाबांची मेणबत्ती टेबलावर आहे. दुकानातून मीच आणली.

२ नोव्हेंबर

सांगितलं. खुर्चीजवळ खाली बसून, त्यांचा चांगला हात धरून. एकही विशेषण न वापरता.

बाबांनी मान खिडकीबाहेरच्या पट्टीकडे वळवली. मग म्हणाले, "तिसरी ओळ. बांधापासून नऊ पावलं. शहाण्णवच्या शरदात सापडला मला."

"मग पाच आठवडे मला रानात का हिंडवलंत?"

"चालत होतीस. बोलत नव्हतीस. बरं वाटत होतं."

"आणि पंधरा वर्षं? मला सांगितलं का नाही, बाबा?"

त्यांनी मेणबत्ती माझ्या हातात दिली.

"तू लिहिलं असतंस."