सिंधूकाकूची वाटी

चैताली,

मी तळोद्याला मावशीकडे जातेय, संध्याकाळच्या गाडीने येईन. ओट्यावर मडक्यात ज्वारीची आंबील आहे. परवाची तू नुसता वास घेऊन बाजूला सारलीस. तीत मी सवयीने ताक घातलं होतं. तू दूध-दही सोडलंयस हे हात विसरला. हिच्यात ताकाचा थेंब नाही. शिजवून, गार करून मग आंबवली आहे. पुन्हा गॅसवर ठेवू नकोस, पोटासाठी हवेत ते तुझे जिवाणू मरतील.

रोज सकाळी शेजारी पळतेस आणि सिंधूकाकूकडून तिची बिनताकाची आंबील वाटी भरून आणतेस. काल नळावर चारचौघींत ती मला म्हणाली, "तुन्ही पोरले मन्हीच आंबील लागस." मी हसले. दुसरं काय करणार होते?

आंबवायला घरात ताकाशिवाय काही नव्हतं, म्हणून तिच्या वाटीच्या तळाशी तू ठेवलेली चमचाभर घातली. तेवढ्याने ही तिची होत नाही.

वाटी घासून ठेवली आहे. द्यायला तू जाऊ नकोस. रिकामी वाटी परत करत नाहीत, म्हणून हीच आंबील भरून उद्या नळावर मी देणार आहे. तेवढी उरव.

आई