पुढच्या खोलीतलं इंग्रजी

३ फेब्रुवारी

सौ. वन्संना,
स. न. वि. वि.

आम्ही ठीक. आईंचं मात्र काहीतरी शिजतंय. शिवणाचं मशीन मधेच थांबतं आणि पुढच्या खोलीतून कुजबुज येते : आय गो, आय वेंट, आय विल गो. कुठं जायचंय म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, कुठं नाही, काजं करतेय. वकिलाकडे तर जात नाहीत ना?

आईंच्या देखत आम्ही दोघं इंग्रजीत बोलतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. लपवायचं म्हणून नव्हे, घरात शांतता राहावी म्हणून. सध्या विषय एकच : त्यांचं मशीन मागच्या अंधाऱ्या खोलीत हलवायचं आणि पुढं तुमच्या दादांचं ऑफिस थाटायचं. आईंना अजून सांगितलेलं नाही. पण परवा आम्ही विषय काढला आणि मशीन एकदम गप्प झालं.

लोभ आहेच, वाढवायचा की कसं, ते तुमचं उत्तर पाहून ठरवते.

तुमची वहिनी

१० फेब्रुवारी

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आवरेना. आई या वयात वाक्यं जुळवतेय, तर जुळवू दे की! फोनवर मला म्हणाली, इंग्रजांची तऱ्हा न्यारी. काय करायचं ते आधी सांगून मोकळे होतात, कुणाचं करायचं ते मागाहून. तुमच्या घरीही तसंच चाललंय म्हणे.

वकिलाचा संशय सोड. पण चाळीस वर्षं पुढच्या खोलीतल्या त्या खिडकीशी मशीन चालवून तिनं आम्हा दोघांना शिकवलं, हे दादाला कुठल्यातरी भाषेत सांग.

राग धरू नकोस, धरलास तर फार दिवस ठेवू नकोस.

तुझी वन्सं

२ मार्च

सौ. वन्संना,
स. न. वि. वि.

काल जेवताना ह्यांनी इंग्रजीत बेत मांडला : रविवारी आई भाजीला गेल्या की मशीन मागे हलवू. आईंनी आमटी वाढता वाढता इंग्रजीतच सांगितलं, की या रविवारी भाजी मुलगा आणेल, मी मशीनपाशी बसणार आहे. शब्द जागच्या जागी, काळही बरोबर. ह्यांना जो ठसका लागला!

शिकवणी कुणाची, ते न कळण्याइतकी मी खुळी नाही. दुपारी आईंचा फोन लागत नसे तेव्हा तुमचाही लागत नसे.

रात्रभर ह्यांची धुसफूस. शेवटी ठरलं, मराठीत सरळ सांगून टाकायचं. मी म्हटलं, आई तुमची, तुम्हीच सांगा. आज दोघं दारात जाऊन उभे राहिलो. आई कुणाच्यातरी झग्याला अस्तर लावत होत्या. इंग्रजीत महिनाभर किती सोपं वाटत होतं सगळं! मराठीत ‘आई’ एवढं म्हटलं आणि ह्यांची गाडी अडली. त्यांनी मान वर करून विचारलं, काय रे. ह्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले, बाहीचं धडधाकट बटण ओढून तोडलं आणि सांगितलं, बटण तुटलंय.

आईंनी ते लावून दिलं. त्यांना सगळं दिसलं असावं, असा मला दाट संशय आहे. दोरा तोडताना गालातल्या गालात हसत होत्या. ऑफिससाठी आता मागच्या खोलीची रंगरंगोटी काढली आहे.

लोभ असू द्या. फोनवर मात्र जरा बेतानं.

तुमची वहिनी