नीळकंठास जर्मन येते की येत नाही

प्रति,
मेहेरबान खास परवाने अधिकारी साहेब,
मुक्काम बुलढाणा, वऱ्हाड.

अर्जदार : मंजुळाबाई, कै. गोविंदराव डबीर यांची विधवा, वय सुमारे सत्तर, राहणार धाड.

विषय : भाचा नीळकंठ चिंचोळकर यास परीक्षेसाठी नागपुरास जाऊ देण्याबाबत, ते न जमल्यास त्याच्या जर्मन भाषेचा एकदाचा निकाल लावण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कचेरीकडून आलेली दोन उत्तरे.

महोदय,

१. अर्जदार विधवा झाल्यापासून धाड येथे भावाच्या घरी राहते. भाऊ शाळामास्तर होता. तो वारल्यावर त्याचा मुलगा नीळकंठ अर्जदारानेच वाढवला. या घराची एक चाल आहे, ती साहेबांच्या कानी घालणे जरूर वाटते. अर्जदाराचे आजोबा निजामाच्या अमलात फारशी शिकले, कारण तेव्हा कचेरी फारशीत चाले. पुढे वऱ्हाडात साहेब लोक आले, तेव्हा वडील इंग्रजी शिकले. आमराईत तंबू पडला असता साहेबाने वडिलांना बसायला खुर्ची दिली होती. अर्जदार तेव्हा परकर नेसत असे आणि झाडाआडून तिने ते पाहिले आहे. सरकार बदलले की घरातला एक मुलगा नवी भाषा शिकायला बसे. त्यापायी आजवर कोणाला शिक्षा झाली नव्हती.

२. नीळकंठ नागपुरास कपाशीच्या मर रोगावर संशोधन करीत होता. या रोगात झाड उभ्या उभ्या वाळते. विद्यापीठाचा नियम असा की, संशोधनाच्या पदवीबरोबर एका चालू युरोपीय भाषेची परीक्षा द्यावी, नाही तर पदवी नाही. जमिनीतल्या बुरशीवरचे पुष्कळ लिखाण जर्मनमध्ये आहे, म्हणून त्याने ती भाषा घेतली. सुटीत घरी आला की बापाने लावलेल्या सवयीप्रमाणे, संथा म्हणावी तशी तो ओसरीवर येरझारा घालीत जर्मन क्रियापदे म्हणे. अर्जदार शेंगा फोडता फोडता ऐके. अर्थ कळत नसे. मात्र तो चुकला की ठेका मोडे, तेवढे कळे.

३. गेल्या वैशाखात उंद्रीचे पाहुणे त्याला पाहायला आले. बैठकीत अर्जदाराचे चुलत दीर शेषराव बोलण्याच्या भरात म्हणाले, "पोरगं साधं नाही, पाहुणे. जर्मनीचे लोक याले पुसल्याशिवाय काही करत नाहीत." पाहुणे म्हणाले, "मंग आमच्या विहिरीचंही पुसा म्हना त्याइले, पानी काऊन लागत नाही." सगळे हसले. सोयरिकीच्या बैठकीत मुलाकडच्यांनी वाढवून सांगावे आणि मुलीकडच्यांनी त्यातले निम्मे वगळून ऐकावे, ही रीत वऱ्हाडात लहान मूलही जाणते. गावचे पाटील रंगराव पानसुपारीला तिथेच बसले होते. पुढे श्रावणात विलायतेची जर्मनीशी लढाई लागली. रंगरावांनी ते वाक्य सरकारात कळवले, आणि कळवताना निम्मे वगळले नाही. सोयरीकही मोडली.

४. त्यावरून हुकूम झाला की नीळकंठाने गावाची वेस ओलांडू नये, जर्मन मोठ्याने म्हणू नये आणि रोज चावडीवर हजेरी द्यावी. त्याचे बुरशीवरचे छापील जर्मन कागद जप्त झाले. अर्जदाराने पहिला अर्ज केला. उत्तर आले की, कागदांत काय आहे ते मराठीत करून पाहिल्याशिवाय काही ठरवता येत नाही. मराठीत करणार कोण, याचा शोध जिल्हाभर झाला. जर्मन जाणणारा एकच इसम निघाला, तो नीळकंठ. कागद त्याच्याकडेच पाठवले गेले. त्याने चावडीवर बसून, रंगरावांच्या देखत, ते मराठीत उतरवले. त्यात माती, बुरशी आणि मुळे यांवाचून काही नव्हते. रंगराव म्हणाले, "एवढ्या लौकर लिहून राह्यला, म्हंजे पाठच असंन बे हे तुले." हेही वर कळवले गेले.

दुसरे उत्तर आले. भाषांतर करणाऱ्याकडे जर्मन भाषेचा दाखला नसल्याने भाषांतर ग्राह्य नाही. दाखला परीक्षेवाचून मिळत नाही. परीक्षा नागपुरास आहे. नागपुरास जाण्याचा विचार कागदांचे ग्राह्य भाषांतर दाखल झाल्यावर होईल. अर्जदाराने हे उत्तर देवापुढे ठेवून पुन्हा पुन्हा वाचले. त्यात शिरायला वाट आहे, बाहेर यायला नाही.

५. नीळकंठाचा संशोधनाचा वाफा वेशीपलीकडे, ओढ्याच्या काठी होता. मर लागलेली आणि न लागलेली झाडे त्याने शेजारी शेजारी लावली होती. संक्रांतीच्या सुमारास रंगरावांची गुरे त्यात शिरली. नीळकंठ धावत वेशीपर्यंत गेला आणि थांबला. पलीकडे पाऊल टाकले असते तर हुकूम मोडला असता. रंगराव पारावर बसून सुपारी कातरीत होते. ते म्हणाले, "जाय ना मंग हाकलाले. काऊन उभा हायेस? तिकडच्या लोकाइले पुस, जाऊ का म्हनून." पारावरची माणसे हसली. ज्यांच्या मुलांना अर्जदाराच्या भावाने अक्षरे गिरवायला शिकवली, तीही हसली. अर्जदार काठी घेऊन ओढ्यापर्यंत पोचेतो गुरे पोट भरून बसली होती. रोगी झाडे आणि निरोगी झाडे यांत गुरांनी भेद केला नाही.

त्या दिवसापासून नीळकंठ ओसरीवर येत नाही. हजेरीला जातो, येतो, माजघरात भिंतीकडे तोंड करून बसतो.

६. परीक्षा फाल्गुनात आहे. सबब विनंती की त्यास नागपुरास जाऊ द्यावे. हवे तर सोबत शिपाई द्यावा, त्याचे जेवण अर्जदार बांधून देईल. हे होणे नसेल, तर आपल्या सहीने दोहोंतले एक लिहून द्यावे. नीळकंठास जर्मन येते, असे लिहावे; म्हणजे त्याने केलेले भाषांतर खरे धरावे लागेल आणि कागद निर्दोष ठरतील. किंवा येत नाही, असे लिहावे. म्हणजे जी भाषा येत नाही तिच्यासाठी त्याला वेशीत कोंडता येणार नाही.

हे त्याला वाचून दाखवले तेव्हा तो भिंतीकडूनच म्हणाला, "आत्याबाई, येत नाही असंच लिहून मागा. आता खरंच आठवत नाही." तरी येत नाही, असे लिहून देणे कचेरीस सोपे वाटल्यास नीळकंठाची हरकत नाही. अर्जदाराची आहे.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
मंजुळाबाई डबीर
(सही स्वहस्ते)

धाड, माघ वद्य पंचमी, सन १९४०

सोबत : दोन्ही उत्तरांच्या नकला.