बिनवासाचा गॅस

उस्ताद, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसलो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. आपल्या शेडमध्ये साखर कारखान्यांसाठी मळीच्या टाक्या बनायच्या. मालकांनी सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅसच्या आडोशानं होणाऱ्या वेल्डिंगचं मशीन आणलं आणि रॉडच्या वेल्डिंगवर हात बसलेला मी पुन्हा शिकाऊ झालो. कंपनीचा माणूस एक दिवस येऊन फक्त तुम्हाला शिकवून गेला. त्यातलं तुम्ही मला किती दिलंत आणि किती पोटात ठेवलंत, कोण जाणे. ऐन उन्हाळ्यात तुम्ही पंखा बंद करायचात. "वाऱ्यानं गॅस उडतुया, जाळी पडती," म्हणायचात. मला वाटायचं, म्हातारा मुद्दाम छळतोय. एकदा तुम्ही जेवायला गेलात तेव्हा पंखा लावून पाहिला, तर वेल्डिंगची शिवण अनारशासारखी जाळीदार झाली. तेवढं तरी खरं निघालं.

टाकीचं मात्र तसं नव्हतं. मालक म्हणाले होते, नव्या टाकीची आतली शिवण तू मार, गळली नाही तर तुला कायम करतो. घरी माझ्या लग्नाची बोलणी चालली होती आणि मुलीच्या वडिलांनी एवढंच विचारलं होतं, नोकरी कायम आहे का. त्याच जागेवर तुमच्या पुतण्याचा डोळा आहे, हे शेडमधल्या मांजरालाही ठाऊक होतं.

मी आत उतरतो. तुम्ही माझ्या कमरेला दोर बांधून वर तोंडापाशी बसता. थोड्या थोड्या वेळानं हिसका. "हाय का रं?" "हाय की!" हिसक्यानं हात हलतो. इथं कुठंतरी पाणी मुरतंय, मी मनात म्हणतो. शेवटची शिवण वीतभर राहिली आणि तुम्ही मला ओढूनच बाहेर काढलंत. डोकं ठणकत होतं, पण त्याहून राग मोठा होता. मालकांच्या देखत मी ओरडलो, "तुमाला माजी टाकी गळायला पायजे, व्हय न्हवं? पुतण्याची सोय लावायची हाय!"

तुम्ही माझ्या कमरेचा दोर सोडवलात. जुन्या विहिरीत उतरण्याआधी सोडतात तसा पेटता कंदील दोराला बांधून आत सोडलात. तळाशी पोचला आणि विझला. "ह्या गॅसला वास न्हाय," तुम्ही म्हणालात. "ज्येला वास न्हाय त्येच्यावर माजा इस्वास न्हाय. तळाला साचतुया त्यो." मग पंखा लावून टाकी मोकळी केलीत आणि मी उरलेली शिवण मारली. पाणी भरल्यावर टाकी गळली, जिथून तुम्ही मला ओढलंत नेमकी तिथंच. कायम झाला तुमचा पुतण्या. ती मुलगी बार्शीला दिली.

या गॅसनं माणूस जातो, हे पुढं मला पुरतं कळलं. तरीही त्या दिवशी मी शुद्धीवर होतो, वीतभर शिवण तेवढी राहिली होती. आणि कंदील सोडण्याआधी तुमची बोटं वातीच्या चावीवर होती, हे मी पाहिलं होतं. वात वर केलीत की विझायच्या बेताला खाली, तेवढं दिसलं नाही.

तुमच्या शेवटच्या दुखण्यात मी अक्कलकोटला भेटायला आलो, खाटेशी बसलो आणि मुद्दाम ओढलंत का, हे न विचारता पावसापाण्याचं बोलून उठलो. आता हे पत्र तुमच्या फोटोपुढं ठेवायला पुतण्याकडे द्यावं, तर त्याच्यावर माझा अजून भरवसा नाही. खरं सांगतो, उस्ताद, मला भीती तुमच्या 'व्हय'ची नव्हती. तुम्ही 'न्हाय' म्हणाला असतात, तर इतकी वर्षं जपलेला राग मी कुठं ठेवला असता?